आंबागडकडचा बाण

धान निघायला लागलं की मी चौकातल्या पानठेल्यावर जाते आणि चुन्याची एक डबी विकत घेते. मी तंबाखू खात नाही. पान खाते तेही लग्नकार्यात, कुणी हातात ठेवलंच तर. ठेलेवाल्याला हे ठाऊक आहे, म्हणून तो दरवर्षी न चुकता विचारतो, "मावशी, वर्षातून एकच डबी पुरते तुमाले?" मी म्हणते, "पुरते. तू आपला कात लाव." तो हसतो, मीही हसते, आणि डबी पर्समध्ये चष्म्याच्या घरापाशी जाऊन बसते.

तुमसरात या दिवसांत हवेला तांदळाचा वास असतो. राईस मिलमधल्या उसन्या, म्हणजे उकडलेल्या, तांदळाचा ओलसर, गरम वास, आणि त्याच्या मागोमाग जळत्या तुसाचा. दोरीवरच्या कपड्यांवर बारीक करडी भुकटी बसते आणि सून ती झटकत मिलवाल्यांचा उद्धार करते. धानाच्या ट्रॅक्टरांची रांग बाजाराच्या फाटकातून बाहेर येऊन रस्ता अडवते. मी गच्चीवर जाते. हवा निवळ असली तर आंबागडच्या बाजूचे डोंगर दिसतात. ते दिसले की मला एकाच हंगामाची हुरहुर लागते. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. वय झालं की माणूस जुनं उगाळत बसतं, असं सून म्हणते. बसते तर बसते.

माझं माहेर सालेकशाच्या पुढे, पहाडीच्या पायथ्याशी. तेव्हा तो सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. त्या पहाडीला नावबिव काही नव्हतं. सकाळी तिच्यावरून ऊन उतरायचं, दुपारी गुरं चढायची, आणि उन्हाळ्यात तिचे काळपट तांबूस खडक इतके तापायचे की संध्याकाळीही हात टेकवत नसे. आमच्या धानाच्या बांध्या थेट तिच्या पायापर्यंत गेलेल्या. नांगराला दगड लागला की बाबा पहाडीकडे बघून शिवी द्यायचे. दगड तिथूनच गडगडत आलेले असायचे.

आणि माझ्या मायचं माहेर आंबागड. किल्ल्याच्या डोंगराखालचं गाव. आमच्याकडून रेल्वेने तुमसर रोडला उतरायचं, तिथून तुमसर, आणि मग पुढे मिळेल त्या गाडीने. ऐंशीएक किलोमीटरचा मामला. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल इतकंच. पण माय सात वर्षांत गेली नव्हती.

कारण सांगायची मला अजून लाज वाटते. माझ्या मामाच्या लग्नात बाबांना, म्हणजे घरच्या थोरल्या जावयाला, मानाचा दुपट्टा आधी मिळायला हवा होता. तो गडबडीत आधी दुसऱ्याच पाहुण्याच्या खांद्यावर गेला. बाबा भरल्या ताटावरून उठले. मामा हातापाया पडला, आजीने पदर पसरला, पण बाबांनी आम्हाला घेऊन सरळ स्टेशन गाठलं. तुमसर रोडच्या फलाटावर, गाडीची वाट बघताना, ते एवढंच म्हणाले, "आजपासून माह्या घरचं कोनी आंबागडच्या वाटेले लागनार नाही." माझे बाबा वाईट नव्हते. बैलाला चाबूक न मारणारा माणूस. पण एकदा तोंडातून शब्द गेला की ते त्या शब्दाचे गडी होऊन राहायचे. हा गुण माझ्यातही उतरला आहे, घरात कुणालाही विचारा.

मायने या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी दिवा लावला की ती अंगणात यायची आणि सूर्य मावळतो त्या दिशेला जरा वेळ बघत उभी राहायची. आंबागड मावळतीला, एवढं तिला माहीत होतं. आम्हाला वाटायचं, देवाला हात जोडते.

त्या वर्षी, आणीबाणी उठल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरच्या आमराईत तंबू पडले. सरकारी भूगर्भवाले आले होते. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची कापणी होऊन बांध्यांत नुसते सड उरले होते. पहाटे दव एवढं पडायचं की तंबूंचं कापड काळं दिसायचं. त्यांचा साहेब बिस्वास नावाचा, पस्तिशीचा, किडकिडीत. गळ्यात होकायंत्र, कमरेला हातोडा. सोबत दोन खलाशी, म्हणजे सामान वाहणारे मजूर, आणि एक स्वयंपाकी, जो आमच्या बोडीतल्या माशांवर जीव टाकायचा. गावात पहिले आठ दिवस हीच चर्चा की पहाडीत सोनं सापडलं. मग कळलं की साहेब नुसते दगड फोडून नेतो. लोकांचा सगळा उत्साह मावळला.

दगड खाली आणायला आमची बैलगाडी लागली. त्यामुळे दगडांचा मुक्काम आमच्या ओसरीवर, आणि साहेबाचा चहाही तिथेच. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. घरचे लग्नाचं बघत होते. शिकलेलं कुणी ओसरीवर बसलंय म्हणजे मला पर्वणी. मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

तो हिंदी बोलायचा बंगाली वळणाची, पण सांगायचा झकास. म्हणाला, ही तुमची पहाडी म्हणजे थिजलेली आग आहे. दोनशे कोटी वर्षांच्याही आधी इथे जमीन फाटली, आतला तप्त रस वर आला, राख उडाली, थरावर थर बसले, आणि हे एकदा नव्हे, शेकडो वेळा झालं. इथून पार डोंगरगडच्या पुढपर्यंत सगळं त्याच आगीचं. मी शहाणपणा करत म्हटलं, हो, सह्याद्रीसारखं, आमच्या भूगोलात आहे. तो हसला. "वो तो कल की बच्ची है," म्हणाला. सह्याद्रीचा खडक थंड झाला तेव्हा तुमची पहाडी म्हातारी होऊन बसली होती. मला उगाच अभिमान वाटला.

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मी आजवर विसरले नाही. असा रस थंड होताना त्याच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. होकायंत्राच्या काट्यासारखे ते त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करतात आणि दगड थिजला की तसेच राहून जातात. पुढे ती जमीन सरको, फिरो, समुद्र ओलांडून जावो, आत ते कण जुन्या दिशेकडेच बघत असतात. काटा आडवा झोपला असेल तर ही जमीन तेव्हा पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यावर होती, खाली झुकला असेल तर ध्रुवाजवळ. असेच दगड ऑस्ट्रेलियातले, आफ्रिकेतले घ्यायचे आणि जुळवून बघायचं, कोण कोणाला चिकटून होतं. एक मोठा खंड होता, तो फुटून आपला देश सुटा झाला, त्याला जगभरच्या पुस्तकांत गोंडवन म्हणतात. तुमच्याच शेजाऱ्यांचं, गोंडांचं नाव. पण ही पहाडी त्याहूनही फार आधीची. तिचा खंड कोणता, तो कुठे होता, हे अजून कुणाला धड सांगता येत नाही. म्हणून तर मी आलो.

यासाठी एक पथ्य होतं. दगड पहाडीपासून सुटा करण्याआधी तो जसा बसलाय तसाच असताना त्याच्यावर मेणखडूने आजच्या उत्तरेचा बाण काढायचा आणि चिकटपट्टीवर नंबर लिहून लावायचा. बाण पुसला की संपलं. मग आतले कण कुठे बघत होते ते कळतं, पण दगड कसा बसला होता तेच ठाऊक नसतं. माय चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा मला हळूच म्हणाली, "गोट्याले एवढं याद रायते वं?" मी म्हटलं, साहेब म्हणतो तर राहत असेल. ती भाकरी थापत राहिली.

मार्गशीर्षात मामाचं कार्ड आलं. आजी अंथरुणाला खिळली आहे, आक्काची आठवण काढते, भाऊजींनी मोठं मन करावं. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं आणि छपराच्या वाशात खोचून ठेवलं. मायने ते काढून माझ्याकडून वाचून घेतलं आणि पुन्हा जिथल्या तिथे खोचलं. बाबांनी काही म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांची घोडी, मला गाडीचं तिकीट काढता येत होतं, तिला हाताला धरून नेता येत होतं. मी नेलं नाही. बाबांना मी भीत होते. हे वाक्य मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्याच आठवड्यात हलक्या धानाची रास खळ्यावर उभी राहिली. आमच्या घरी राशीच्या पूजेला पाच दगड लागायचे, पाच पांडव. ते धुवायचे, चुन्याने पांढरे करायचे, राशीच्या पायाशी मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि मगच धानाला हात लावायचा. दरवर्षी माय बांधावरून हे दगड वेचून आणायची. त्या दिवशी सकाळी ती ओसरीवर आली तर तिथे पाचच दगड. साहेबाने आदल्या दिवशी पहाडीच्या माथ्यावरून, सगळ्यात कठीण जागेवरून काढलेले, वेगळे ठेवलेले. बाकीचे खोक्यांत भरून झाले होते. साहेब खलाशांना घेऊन स्टेशनवर खोकी पोचवायला गेला होता, बाबाही गाडीवर होते.

मी बोडीवर धुणं धुवायला गेले होते. परत येऊन बघते तर माय खळ्यावर, डोळ्यांत समाधान, आणि राशीच्या पायाशी पाच पांढरेशुभ्र गोटे, अंगावर हळदीचे ठिपके.

"माय, हे कुठले आनले वं?"

"ओसरीवरचे. आपल्या पायानं घरी आले, तेही पूजेच्या दिवशी, बराबर पाच. तसेच ठेवू काय त्याईले? अन् त्या साहेबानं गोट्याले मलमपट्टी काहून लावली होती काय माहीत. काढून टाकली. राख अन् काथ्यानं घासले, मस्त निंगाले."

पट्ट्या उकिरड्यावर. बाणांचा मागमूस नाही. मी तिला सांगितलं ते बाण कशाचे होते. तिला ते ऐकून ठाऊकच होतं, चुलीपाशी बसून सगळं ऐकलं होतं. पण पांढऱ्या पट्टीखालच्या त्या मेणखडूच्या रेघा म्हणजेच ती दिशा, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कोणाच्याही डोक्यात आलं नसतं. तिने एक गोटा उचलून हातात फिरवला. "म्हंजे मी त्याईचा रस्ता पुसला," एवढंच म्हणाली.

साहेब दुपारी आला. पांढरे गोटे बघून आधी त्याला कळेचना. मग कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून ओसरीच्या खांबाला टेकला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "दीदी, ये क्या कर दिया आपने," एवढंच, आणि तेही रडवेल्या आवाजात. दुसऱ्या दिवशी त्याला मुक्काम हलवायचा होता. माथ्यावरचा तो खडक पक्का लोखंडी, तिथून पुन्हा दगड काढायला आणखी दोन-तीन दिवस मोडले असते.

तेव्हा माय बोलली. माझ्या आठवणीत परपुरुषाशी ती इतकं पहिल्यांदाच बोलली. "साहेब, जिथून तोडले तिथं खड्डे असतीन ना? गोटा आपली जागा विसरत नाही. बसवून पाहू."

साहेबाने वही उघडली. त्याच्या वहीत जागा लिहिलेल्या होत्या, कोणता दगड कोणत्या जागेचा एवढंच गेलं होतं. दगड जर आपल्या खोबणीत घट्ट बसला, तर बाण पुन्हा काढता येईल. तो ताडकन उठला. म्हणाला, आम्ही खंडांचंही हेच करतो, किनारा किनाऱ्याला लावून बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहाडी चढलो. साहेब, एक खलाशी, माय, मी, आणि गोट्यांचं पोतं खांद्यावर घेतलेले बाबा. बायकोने केलेलं निस्तरायला आलो, असा चेहरा. माय इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माथ्यावर आली होती. पळसाचं रान, खाली बांध्यांचे चौकोन, बोडीचं पाणी आरशागत. ती धापा टाकत होती आणि हसत होती.

मग तिने काम सुरू केलं. जात्याच्या पाळूत खुंटा ठोकून बसवणारी बाई ती. एक गोटा घ्यायची, बोटांनी त्याची तुटलेली बाजू चाचपायची, खोबण चाचपायची, फिरवून लावायची. नाही बसला की दुसरा. पहिला बसला तेव्हा आवाज आला, लहानसा, खट्ट असा. तो गोटा हलेना. साहेबाने खाली वाकून फटीत नख घालून पाहिलं, नख जाईना. त्याने होकायंत्र धरलं आणि चुन्यावरच बाण काढला. दुसरा बसला. तिसऱ्याने फार छळलं. शेवटी पाचही बसले. बाबा एका बाजूला पाठ करून तंबाखू मळत होते. पण त्यांचं मळणं थांबलेलं मी पाहिलं.

साहेब खूश. म्हणाला, दीदी, मी तुम्हाला काय देऊ? मला वाटलं माय पदर तोंडाला लावून मागे सरकेल. ती म्हणाली, "तुमच्या यंत्रात आंबागड दिसते काय जी?"

बाबा चार हातांवर उभे होते. साहेबाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने नकाशा दगडावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले, सालेकसा शोधलं, तुमसर शोधलं, बोट वर नेत आंबागड शोधलं. पट्टी लावली, होकायंत्र धरलं, आणि हात लांब करून म्हणाला, वो. तिथे.

माय रोज बघायची तिथे ते नव्हतंच. हिवाळ्यात सूर्य डावीकडे सरकून मावळतो. आंबागड त्याच्या बरंच उजवीकडे होतं. साहेब म्हणाला, चैत्रात पाहा, तेव्हा सूर्य बरोबर तुमच्या गावावर बुडेल. सात हिवाळे माय चुकीच्या जागेला बघत उभी होती. ती त्या बोटाच्या रेषेत वळली. नुसतं धुकं आणि रान होतं तिथे. ती बघत राहिली.

साहेबाने तांबड्या रंगाचा डबा काढला आणि खडकावर हातभर लांब बाण रंगवला, त्या दिशेला. मग मायने विचारलं, "तुमचं गाव कुठं हाय?" तो उलटा वळला, उगवतीकडे हात केला. नदीकाठचं गाव, आता दुसऱ्या देशात, म्हणाला. लहानपणी आईच्या कडेवरून निघालो, परत गेलो नाही. त्याचा बाण मात्र त्याने काढला नाही. रंग संपत आलाय, असं म्हणून डब्याचं झाकण लावलं. डब्यात रंग अर्धा होता, मी पाहिला होता.

उतरताना बाबा पुढे होते. पायथ्याशी आल्यावर, मागे वळून न बघता, ते म्हणाले, "चुरनं होऊ दे. मंग पाहू."

बाहेरच्याला हे पाच शब्द वाटतील. आमच्या घरात तो भूकंप होता. सात वर्षांच्या 'नाही'चं 'मंग पाहू' झालं होतं. भारी धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ते घरासारखे ढीग, अजून खळ्यावर उभे होते. ते बैलांच्या पायांखाली घालून दाणे सुटे झाले की माय आंबागडला जाणार. मी त्या तीन आठवड्यांतली माय विसरू शकत नाही. पहाट व्हायच्या आत ती खळ्यावर. पेंढ्या पसरायची, तणस झटकायची, वारवायची. अंगाला धानाचं कुसळ टोचून पुरळ आलं होतं. बाबा म्हणायचे, "मरशीन ना वं." ती म्हणायची, "नाही मरत." पहिल्या नव्या तांदळाची एक पुरचुंडी तिने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून उतरंडीच्या वरच्या गाडग्यात ठेवली, आजीसाठी. मऊ भात करून भरवीन म्हणाली. मी तिला गाणं गुणगुणताना ऐकलं, तेही त्याच दिवसांत, नंतर कधी नाही. मला वाटतं सुखी माणूस कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं.

चुरणं संपलं. बाबांनी स्वतः बैलांना आंघोळ घातली. "उद्या सकाळच्या गाडीनं," म्हणाले. दुपारी पोस्टमन आला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता. आजी गेली हे वाचावं लागलंच नाही.

बाबा घाबरून गेले. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. "चाल, आत्ता निंगू, माती तरी सापडन," ते म्हणाले. कार्ड यायलाच चार दिवस लागले होते, कसली माती. माय म्हणाली, "आता कायले." घरात तिने डोळ्यांतून टिपूस काढला नाही. पुरचुंडी घेतली आणि एकटी पहाडीवर गेली. मी मागून गेले तर ती बाणाच्या टोकाशी बसली होती. तांदूळ तिथेच खडकावर ओतले होते, आणि ती मोठ्याने रडत होती, माय, माय म्हणून. मी जवळ गेले नाही. परत फिरले.

पुढच्याच वैशाखात बाबांनी माझं लग्न तुमसरला करून दिलं. गोंदियाचं एक चांगलं स्थळ चालून आलेलं असताना. लोक म्हणाले, एवढ्या लांब कायले? मला ते कारण फार उशिरा कळलं. आंबागडला जायचं नाही असा त्यांचा शब्द होता, आजीसाठी ते तो एकदाच मोडायला निघाले होते. पोरीच्या घरी तुमसरला जायचं नाही, असा कुठे होता? शब्द न मोडता त्यांनी मायसाठी वाट काढली होती. पण माय त्यांच्यापेक्षा हट्टी निघाली. ती माझ्याकडे यायची, बाळंतपणाला, आजारपणाला. मी म्हणायची, बस आहे, मामा वाट बघतो, चल. ती म्हणायची, "कोनाजवळ जाऊ?" एकदाच मी तिला गच्चीवर नेऊन डोंगर दाखवले. तिने ते पाहिले आणि विचारलं, "अन् आपली पहाडी कुठं वं इथून?" मी अंदाजाने पूर्वेकडे हात केला. ती मग तिकडेच बघत उभी राहिली. मला राग आला होता तेव्हा. आता नाही येत.

पुढे कधीतरी वाचलं, की आपला देश अजून सरकतो आहे, दरवर्षी नखं वाढतात तेवढा, उत्तरेकडे. मी हिशेब लावत बसले. पहाडी सरकते, आंबागडही सरकतं, दोघं एकाच जमिनीवर. कोट्यवधी वर्षं ती जमीन कुठून कुठे आली, पण या दोन गावांमधलं अंतर तेच राहिलं, सकाळच्या गाडीने दुपारच्या जेवणाला पोचण्याइतकं. खडकाने आम्हाला लांब केलं नव्हतं. एका दुपट्ट्याने केलं.

माय सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात गेली. बाबा बोलेनासे झाले, म्हणजे होते त्याहूनही. दुसऱ्या वर्षी धान कापणीला मी माहेरी गेले आणि एका सकाळी एकटीच पहाडी चढले. मला तिची जागा बघायची होती. बाण उरला नसेल हे धरूनच चालले होते. अकरा उन्हाळे, अकरा पावसाळे, सरकारी रंग किती टिकणार?

माथ्यावर आले आणि थबकले. बाण होता. पांढराशुभ्र. तांबड्याचा मागमूस नाही, पण त्याच जागी, त्याच दिशेला, चुन्याचा. जवळ बसून पाहिलं तर तो कुंचल्याने काढलेला नव्हता. बोटाने काढला होता. एकावर एक ओढलेल्या बोटभर रुंदीच्या रेघा, जुन्या पापुद्र्यावर नवा पापुद्रा. टोकाशी चिमूटभर नवे तांदूळ, आणि खाली पडलेली चुन्याची रिकामी डबी, तंबाखूवाल्यांच्या खिशात असते तशी.

खाली आले तेव्हा बाबा खळ्यावर तंबाखू मळत बसले होते. मी त्यांच्या समोर बसले. त्यांचं उजव्या हाताचं बोट चुन्याने पार फाटलं होतं, कधीपासून कोण जाणे, मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाबा, पहाडीवरचा बाण..."

त्यांनी मळलेला तंबाखू दाढेखाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्यानं पुसून जाते ना वं दरसाल. मंग तिले रस्ता कसा समजन?"

तेही आता नाहीत. उद्या सकाळी तुमसर रोडहून माझी गाडी आहे. गुडघे कुरकुरतात, पण पहाडी चढते, बसत बसत. डबी घेतली आहे, नव्या तांदळाची पुरचुंडी बांधली आहे. सगळी डबी लागते मला. बाबांचं बोट जाड होतं, त्यांच्या एका रेघेला माझ्या दोन ओढाव्या लागतात.